थोरल्या जाऊबाईंचा सावकाश हात

मंगळवार, ता. ६

सौ. जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. तुम्हीही तिकडे मोठ्या इस्पितळाच्या कामावर खुशालच असणार. परीक्षा पास झालेल्या माणसाला काय धाड भरलीय! मोठ्या भावोजींचा खोकला बराच कमी आहे. तुमची लेक वेळेवर शाळेत जाते. तिच्या वेण्या मी घालते आणि "काकू, तू ओढतेस, आई ओढत नाही," हे रोज ऐकून घेते.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. मी फोनवर बोलायला लागले की सासूबाईंचे कान दारापर्यंत लांबतात. शिवाय तुम्ही प्रत्येक गोष्टीला "हो गं, खरंय" म्हणता. मग माणसानं भांडायचं कुणाशी?

तर, अभिनंदन. मनापासून. दोनदा लिहिलं असतं, पण पेनातली शाई संपत आलीय.

सासूबाईंनी तुमच्या प्रमाणपत्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय आणि येईल त्याला दाखवतात. काल शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "प्रयोगशाळेत ज्या काचेच्या कपाटात जंतूंचं काम चालतं ना, त्यातून जंतू बाहेर तर येत नाहीत, हे आमची थोरली तपासते. परीक्षा दिली, पहिल्याच फटक्यात पास!" मी तिथंच बसून भाजी निवडत होते. नऊ वर्षं मी हेच काम करतेय. काकूंनी विचारलं, "आणि धाकटी?"

"तीही जाते," सासूबाई म्हणाल्या.

तीही जाते! त्यानंतर भाजीत किती देठ गेले ते जेवताना सगळ्यांना कळलं.

माझ्या निकालाचं विचाराल, तर तो अडकलाय. कागदपत्रांत काहीतरी घोळ आहे म्हणे. येईल.

मला त्याची काळजी नाही. परीक्षेत आपली कॅबिनेटं, म्हणजे सासूबाईंची ती काचेची कपाटं, शेजारी शेजारी होती, तुम्ही पाहिलंतच. तुम्ही हातमोजे चढवत होतात तोवर मी फिल्टरखालून प्रोबची नळी फिरवून भोक शोधलंसुद्धा. मीटरचा काटा टुणकन उडाला. परीक्षक माझ्याकडे बघतच राहिले. तुमचा प्रोब मात्र झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसा चालला होता. मला जांभई आली, खोटं कशाला सांगू?

तुमचा सावकाशपणा काही नवा नाही. तुमचे चार कांदे चिरून होईपर्यंत माझा स्वयंपाक होतो. वर्कशॉपमध्ये तुमचं 'मालगाडी' हे नाव मीच पाडलं. आणि भावोजींचं दुकान बंद पडलं तेव्हा तुम्हाला बोटाला धरून मालकांकडे नेलं तेही मीच. "माझ्या हाताखाली ठेवा, शिकवते मी," असं सांगितलं. घरात तुम्ही थोरल्या. सण नाही की वार नाही, कुठलीही गोष्ट आधी तुम्हाला विचारायची, मग मला. पण पांढरे कोट चढवले की मी थोरली आणि तुम्ही धाकट्या. दिवसातला तेवढा वेळ मला फार आवडायचा.

आता मालकांनी फर्मान काढलंय. पुढच्या महिन्यापासून तपासणीच्या कागदावर परीक्षा पास झालेल्याचीच सही चालणार. मला म्हणाले, "तोवर तुम्ही उपकरणांची पेटी उचला. सही थोरल्या बाई करतील." रक्ततपासणीच्या लॅबमधल्या बाई, ज्यांचं कॅबिनेट मी पहिल्यापासून तपासतेय, त्याही काल विचारत होत्या, "त्या पास झालेल्या बाई कधी येणार?" घरी आले तर हे सुरू झाले, "वहिनीचा हात कसा शांत आहे, बघितलास का कधी?" माझ्या हाताबद्दल तुमच्या दिरांनी आजवर एवढंच म्हटलंय की चहा गरम असतो. मी भांडी जरा जोरात घासली.

असो. निकाल आला की कळवीनच. लेकीचा पापा.

अजून तरी कामावरची थोरली,
तुमची जाऊ


शुक्रवार, ता. १६

जाऊबाई,

नमस्कार वगैरे लिहिलेला नाही. रागात आहे.

तुमचं उत्तर मिळालं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! प्रमाणपत्र आणायला गेलात तेव्हाच तिथल्या फळ्यावर दोघींचे निकाल पाहिलेत, आणि घरात कुणाजवळ अवाक्षर काढलं नाहीत. वर परवा सासूबाईंनी फोन स्पीकरवर टाकून विचारलं तर, "तिचा अडकलाय म्हणे, मोठ्या परीक्षांत होतं असं," हेही सांगितलंत. मी दाराआडून ऐकत होते. खोटंसुद्धा तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बोलता. तुमच्या जागी मी असते तर गावभर केलं असतं.

तर घ्या, लिहिते. मी नापास झाले. निकाल तुमच्याच दिवशी आला. त्या फिल्टरला दोन भोकं होती. पहिलं सापडल्यावर मला एवढा आनंद झाला की हात आणखीच सुटला. कोपऱ्यातल्या दुसऱ्याखालूनही मी गेले, पण काट्याला उठायला वेळच मिळाला नाही. परीक्षक माझ्याकडे बघत राहिले ते कौतुकानं नव्हे. नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तपासलेल्या कपाटासमोर मी माझ्या मुलीला बसवणार नाही."

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. तेव्हापासून त्या रक्ततपासणीच्या लॅबमधल्या बाई डोळ्यांसमोरून हलत नाहीत. रोज त्या कॅबिनेटसमोर वाकून बसतात. ते तपासलंय ते ह्याच हातानं.

तुम्ही लिहिता, "सावकाश हात तुझाच आहे गं. पहिल्या दिवशी मी घाबरून भराभरा करत होते, तेव्हा तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, 'काट्याला बोलायला वेळ द्या, जाऊबाई.' मी अजून तेच करते." मला हे अजिबात आठवत नाही. वाचून बरं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा तिळपापड झाला. तुमचं काही चांगलं बघून जळायची मला सवय आहे, त्यात एक मजाही असते. पण माझीच गोष्ट मी हरवली आणि तुम्ही ती जपून वापरताय, हे कसं सोसायचं? पत्र मी चुरगाळलं होतं. मग पुन्हा सरळ केलं.

काल जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "मग थोरलीला विचार की. शिकवेल ती." ताटावरून उठावंसं वाटलं, पण भूक लागली होती.

फेरपरीक्षा अठ्ठावीस तारखेला आहे. ती हुकली तर वर्षभर पेटी उचलायची. तुम्ही रविवारी याल. वर्कशॉपमधल्या जुन्या कॅबिनेटवर मला बसवा. हात पळायला लागला की मनगट धरा. मी झटकीन, तरी सोडू नका. आणि "हो गं, खरंय" अजिबात म्हणायचं नाही. ओरडा.

पण त्याआधी एक करा. सोमवारी सकाळी त्या बाईंचं कॅबिनेट तुम्ही पुन्हा तपासा. पेटी मी उचलते. काही सापडलं तर माझ्यासमोरच बोला. सही तुमचीच असू दे.

जळते तर मी अजूनही आहे. ते सरावानं जाईल असं वाटत नाही.

आज तुमच्या लेकीच्या वेण्या घालताना मुद्दाम हात सावकाश ठेवला. ती माझ्याकडे पाठ करून पुस्तक वाचत होती. मागं न बघताच म्हणाली, "आई, कधी आलीस?"

घरात धाकटी, आणि आता कामावरही धाकटी,
तुमची जाऊ