विहिरीवरची ओढणी

प्रिय मुतह्हर,

तुझी प्रकृती उत्तम असणार, हे गृहीत धरते. अम्मानच्या हॉटेलात नळ फिरवला की पाणी येतं म्हणतात; अशा ठिकाणी माणसाला आजारी पडायला सबबच उरत नाही. इथला मोबाइलचा टॉवर पुन्हा आडवा झालाय, म्हणून हे पत्र खजुरांच्या ट्रकबरोबर धाडते आहे. ड्रायव्हर भरवशाचा आहे. त्याला वाचता येत नाही आणि यायला हवं असंही त्याला वाटत नाही.

टॉवर उभा होता तेव्हा तुझे आवाजी निरोप आम्ही कड्यावर चढून ऐकले. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई, काकू. तुझ्या मातोश्री गुडघे धरून का होईना, पण येतातच. शांतता परिषदेचं वर्णन बहारीचं होतं, फक्त त्यात एक नाव जरा वरचेवर येत होतं. इल्हाम म्हणते, नकाशावर आधी सामान्य माणसांच्या वाटा आखाव्यात, फौजांच्या नंतर. इल्हामने एडनमध्ये दोन वैरी टोळ्यांच्या बायकांना एका खोलीत बसवलं. इल्हामला कॉफी बिनसाखरेची लागते. हे शेवटचं वाक्य परिषदेच्या विषयात, म्हणजे नागरिकांच्या संरक्षणात, नेमकं कुठे बसतं, यावर मी पुष्कळ चिंतन केलं. काकूंना चिंतनाची गरज पडली नाही. त्या म्हणाल्या, “तकिय्या, बाईला कॉफी कशी लागते हे पुरुषाला कळलं, की तिला स्वयंपाकघर देणं तेवढं बाकी राहतं गं.” मी हसले. उतरताना मात्र वाटेतले निरपराध दगड लाथाडत आले.

माझ्या वडिलांच्या मदरशात तू पुढच्या रांगेत बसायचास, आणि तुला न आलेल्या कुराणातल्या आयती मी मागून कुजबुजायचे. बाहेर पडलास की गावभर सांगत हिंडायचास, ‘तकिय्या म्हणते असं, तकिय्या म्हणते तसं.’ वाक्यरचना अजून तीच आहे. कर्ता तेवढा बदलला.

असो. इथली बातमी ऐक. विहीर जागच्या जागी आहे, आपल्या वरच्या गावाच्या आणि त्या खालच्या गावाच्या मधोमध. दोन्हीकडच्या कॉफीच्या मळ्यांत बंदुकाही जागच्या जागी. पहिली गोळी कोणाची, यावर वाद अखंड आहे. घागरी मात्र दोघांच्याही फुटतात. गेल्या आठवड्यात खालच्या गावची वर्दा पाणी भरताना खांद्याला गोळी लागून पडली. जगली, अल्लाची कृपा. दुसऱ्या सकाळी आपल्या बायका विहिरीवर गेल्या आणि तिच्या भावाने समोरच्या मळ्यातून बंदूक रोखली. लगेच आपली पोरंही उठली. तुझ्या धाकट्या भावाची बायको, दिवस भरलेली, दगडी हौदाआड पालथी पडली होती. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होते. डोक्यावरची ओढणी ओढली आणि दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधे फेकली.

बाईची ओढणी जमिनीवर असताना जो चाप ओढेल, त्याच्या घराला सात पिढ्या कोणी मुलगी देणार नाही, हे खालच्यांनाही वरच्यांइतकंच पाठ आहे. सगळे थबकले. ओढणी कोणती, विचारशील. तू अम्मानहून पाठवलेली, निळी. इतकी सुरेख निवड तुझी नव्हे, हे पुडकं सोडतानाच उमगलं होतं, म्हणून ती पेटीच्या तळाशी ठेवली होती. त्या दिवशी दुसऱ्या दोन्ही दोरीवर ओल्या होत्या. फेकताना हात तसूभरही अडखळला नाही, एवढं नोंदवून ठेवते.

आता ओढणीचा मान म्हणून ईदपर्यंत पाणी मोकळं आहे. त्याआधी कोणी तिऱ्हाईत मधे बसला, दोन्ही बाजू ऐकल्या, समेटाचा बैल कापला गेला, तर तह. नाहीतर ईदच्या दुसऱ्या दिवशी बायकांनी पुन्हा जीव मुठीत धरून घागर उचलायची. आपल्या गावचे शेख म्हणाले, मुतह्हरला बोलवा, तो तर शांतीतच पारंगत होऊन बसलाय. मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला सांगू, तुझी गादीसुद्धा मी उन्हात घातली.

मग मध घेऊन वर्दाला पाहायला गेले. तिने मध ठेवून घेतला आणि मला सुनावलं, “तुझा नवरा राहू दे तिकडेच. एक तर तो वरच्यांचा. आणि पाण्याला आम्ही जायचं, गोळ्या आम्ही झेलायच्या, अन् बैठकीला दाढ्या? त्यांच्यापुढे आमच्यातली एक तरी तोंड उघडेल का?” मग तुला कोण हवं, मी विचारलं. ती म्हणाली, रेडिओवर एक बाई बोलते, एडनची. वैऱ्यांच्या बायका एका खोलीत बसवल्या होत्या तिने. नाव काही तिला आठवेना.

मला आठवत होतं. कॉफीच्या टरफलांचा काढा पुढ्यात होता, तो मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. वर्दाचा खांदा बांधलेला होता. तिची लेक तिला घोट घोट पाजत होती. मग मी नाव सांगितलं.

तेव्हा मुतह्हर, हे पत्र तुला बोलवायला नाही. तू आहेस तिथेच बस. इल्हामला पाठव, ईदच्या आत. घाटाच्या पायथ्याशी तुझा भाऊ आणि वर्दाचा भाऊ, दोघेही तिच्या सोबतीला उभे राहतील; दोन्ही गावांची माणसं अशी दोहो बाजूंना चालत असली की तिच्या वाटेला कोणी जाणार नाही. उतरेल ती आपल्याच घरी. काकूंना मी समजावलंय, मलाही थोडंफार. पहिला घास मी माझ्या हाताने भरवीन आणि तेवढ्यात तिला नीट निरखूनही घेईन. तह झाला तरी तिला लगेच सोडणार नाही, बायका सोडू देणार नाहीत. तिच्यावाचून तिकडे तुझं अडेल, ठाऊक आहे. अडू दे. आमचं पाण्यावाचून अडलंय.

तुझीच, हे आता शाईने लिहून दिलंय, मोडता येणार नाही,
तकिय्या