डाव्या सीटवरचा मास्तर

ती. ताईस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून तू काही काम सांगितलंस की उसळतो? माझी तब्येत ठणठणीत आहे. तोंड मात्र कुणाला दाखवण्यासारखं राहिलेलं नाही, म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. (फोनवर तू हसली असतीस आणि मी रागाने ठेवून दिला असता.)

मुलांनी परदेशाचं तिकीट काढून दिलं तेव्हा तुझी भावजय आली नाही. तिला विमानाची भीती वाटते असं मी तुला सांगितलं, पण ती कशालाही भीत नाही. तिला लायसन्स मिळून वर्ष झालं, आणि एकदाच गाडी घेऊन एकटीने माहेरी जायचं एवढीच तिची इच्छा आहे. मी म्हणतो, जा की, मी शेजारी बसतो. आणि मी शेजारी बसलो की माझा पाय माझ्याकडच्या ब्रेकवर पडतो. (ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, धंदाच तसा आहे.) गाडी आचके खाते आणि मागचे लोक हॉर्न वाजवून तिचा उद्धार करतात. शेवटी ती म्हणाली, तुमच्या शेजारी बसून जग बघण्यापेक्षा मी घरी डोळे मिटून पडेन. तेव्हा मी पाठीवर पिशवी टाकून एकटाच निघालो.

इथे स्वस्तातल्या मुक्कामाच्या खोलीत एकावर एक पलंग असतात. माझ्या वरच्या पलंगावर एक दंतवैद्य होता आणि समोर एक शिवणकाम करणारी विधवा बाई, तिला आपण शिंपीणबाई म्हणू. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमची गट्टी जमली. शिंपीणबाईकडे तिच्या नवऱ्याची जुनी गाडी होती. ती गाडी ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. पण मी काय करतो असं तिने विचारलं, आणि मी छाती पुढे काढून सांगितलं की आमच्या अख्ख्या गावाला गाडी चालवायला मी शिकवलं. दंतवैद्याने टाळ्या वाजवल्या. बाईने रुमालाने सीट पुसली आणि मला बसायला सांगितलं. ताई, त्या वेळी नाही म्हणायला हवं होतं, पण आपल्या घराण्यात ती पद्धत नाही.

आता नीट ऐक. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो आणि शिकवणारा डावीकडे. इथे चालवणाराच डावीकडे बसतो. म्हणजे मी आयुष्यभर ज्या बाजूला बसलो त्याच बाजूला बसलो होतो. खिडकी डाव्या कोपराशी, पायाखाली क्लच, ब्रेक, सगळं ओळखीचं. रस्ता सरळ होता तोवर ठीक चाललं. मग उजवीकडे शेजारी बसलेल्या दंतवैद्याने दाढा कशा उपटतात ते सांगायला सुरुवात केली, मी रंगलो, कोपर खिडकीत गेलं, दुसरा हात मांडीवर आला. पुढे वळण दिसलं. मी नेहमीप्रमाणे शांतपणे म्हणालो, वळव. उजवीकडचा वळवेना. मी ओरडलो, वळव की, हात कुठेत तुझे! दंतवैद्याला मराठी कुठून येणार, त्याने घाबरून दोन्ही हात वर केले. मी ब्रेक मारला तोपर्यंत आम्ही कुंपण मोडून कोबीच्या मळ्यात होतो.

इथपर्यंत हसलीस तरी चालेल. पुढचं लिहायला हात जड होतोय. मी खाली उतरलो आणि त्या बिचाऱ्याला झाडलं. लक्ष कुठे असतं, रस्ता बघायला नको का, असं सगळं, जे मी रोज कुणाला तरी ऐकवतो. आणि ताई, त्याने माझी माफी मागितली! बराच वेळ तो खाली मान घालून कोबी गोळा करत होता. शिंपीणबाई चेपलेल्या बंपरवरून हात फिरवत उभी राहिली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेतकऱ्याने ट्रॅक्टरने गाडी ओढून काढल्यावर ती स्वतः चालवायला बसली आणि मी उजवीकडे. प्रत्येक वळणाला माझा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला जात होता. तिने बघितलं आणि साधेपणाने विचारलं, तुम्ही कुणाला थांबवताय? मला सारखी तुझी भावजय दिसत होती, सिग्नलला मागचे हॉर्न वाजवतायत आणि ती ओठ दाबून समोर बघतेय. मला फार लाज वाटली. मग मी गाडी थांबवायला सांगून आपणहून मागच्या सीटवर बॅगांमध्ये जाऊन बसलो. गाडी अगदी छान चालली होती.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : पाकीट जड लागेल. आत आमच्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या आहेत. निघताना मी त्या बरोबर घेऊन आलो होतो. आजच्या आज तुझ्या भावजयीला नेऊन दे. सोफ्याखाली सापडल्या म्हणून सांग.

दुसरा ता. क. : नको, खरं तेच सांग. काल तिचा फोन आला होता. म्हणाली, आईने वाट बघून बघून विचारलं कधी येतेस, आणि मी घरातले सगळे डबे उपसले, किल्ली कुठेच नाही. मी म्हणालो, नीट शोध. तेव्हा ती किल्ली माझ्या मुठीत होती.