पोरीला समितीवर पाठवायचं का

ताई, गेल्या मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता, ठाण्यातल्या एका गारेगार सभागृहात, आपल्या मंडळातल्या पोरीच्या हातातला माईक काढून घेतला. मी दुसऱ्या रांगेत होते. तुम्ही गेलात तेव्हा ही आईच्या मांडीवर होती. एचआयव्ही तिला आईकडूनच आला. आता ती नोकरी करते आणि आपल्या एचआयव्हीवाल्या बायकांच्या मंडळात माझ्यापेक्षा बरं बोलते. म्हणून एचआयव्ही संपवण्याच्या कामात 'नवं नेतृत्व घडवणाऱ्या' एका संस्थेने तिला निवडलं. समई, बॅनर, गुलाबाची फुलं, सगळं होतं. त्यांनी लिहून दिलेलं भाषण तिने नीट वाचलं. मग कागद बाजूला ठेवून म्हणाली, "आमच्या केंद्रावर हल्ली महिन्याच्या गोळ्या एकदम मिळत नाहीत. कामावरच्या बायकांनी किती खाडे करायचे?" संयोजिका हसत पुढे आली. "सो ब्रेव्ह! टाळ्या होऊन जाऊ द्या!" आणि टाळ्यांच्या आवाजात माईक पोरीकडून त्या बाईंच्या हातात गेला. बँकेत आयुष्यभर सह्या पडताळल्या मी. फार सुबक सही आली की दोनदा बघायचे. ते हसू तसलंच होतं.

गुरुवारी त्याच बाईंचा फोन. पोरीला संस्थेच्या मुंबईच्या समितीवर घ्यायचंय, आपल्या मंडळाचं संमतीपत्र हवं. आधी माईक काढून घ्यायचा, मग खुर्ची द्यायची? यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे. यांना फोटोपुरता चेहरा हवाय. उद्या तो पेपरात छापून येईल, तिच्या ऑफिसात कळेल, आणि नोकरी गेली की ही बाई फोनसुद्धा उचलणार नाही.

नेतृत्व कसं घडवतात ते मी ठाकुर्लीला, तुमच्या शिवणवर्गाच्या खोलीत पाहिलंय. तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन वर्षही झालेलं नाही. मी दाराजवळ अंग चोरून बसलेय. शिलाई मशीनवर चहाचे कप आहेत. सभा संपते आणि तुम्ही खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवता. "पुढच्या रविवारी तू उघड."

"अहो, मला ओळखता का तुम्ही? मी आलेच नाही तर?"

"तर आम्ही सगळ्या जिन्यात उभ्या. काय गं कॉन्व्हेंट, नन्सनी कुलूप उघडायला शिकवलं नाही का?"

सगळ्यात नव्या बाईलाच किल्ली द्यायची, ही तुमची रीत. ही बाई गोड बोलून मला कशात तरी अडकवतेय, असं मला आठवडाभर वाटत होतं. तरी रविवारी गेले, कारण सहा बायका जिन्यात ताटकळलेल्या डोळ्यांपुढे येत होत्या. नंतर सभा चालवायला शिकले, डॉक्टरांशी भांडायलाही. पण तुम्ही मला परक्यांच्या हातात कधी दिलं नव्हतं.

काल पोर घरी आली. "मावशी, संमतीचं पत्र देताय ना?"

"त्यांनी तुझं तोंड बंद केलं."

"माईक बंद केला. पुढच्या वेळी गोळ्यांचं आधी बोलते, त्यांचं लिहिलेलं नंतर. वेळ संपली तर त्यांचं राहील."

"आणि त्यांनी तुला गुंडाळलं तर?"

"तुम्ही इतकी वर्षं गुंडाळताय, जमलंय का?" हसली, आणि मग खुर्ची माझ्यासमोर ओढून बसली. "तुमचा संशय त्यांच्यावर आहे की माझ्यावर, तेवढं फक्त सांगा."

ताई, मी भांड्यातला चहा उगाच पुन्हा गरम केला.

रविवारी सकाळी मंडळाची सभा आहे, संमतीचं तिथे ठरायचंय. तेव्हा शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत तुमचं उत्तर मला लेखी हवं. स्वप्नात येऊन खांद्यावर हात ठेवलेला चालणार नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ही सबब मी ऐकून घेणार नाही. उत्तर आलं नाही तर मी हो म्हणेन. आलं, आणि तुम्ही नको म्हणालात, तरी बहुतेक हो म्हणेन.