चौथ्या माणसाची सही

४ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

सस्पेंड होऊन आईजवळ आले त्याला आज नववा दिवस. एवढी रजा कशी मिळाली, असं आई रोज विचारते आणि मी रोज नवी थाप मारते. तू वेळेवर जेवतेस ना, की चहावरच भागवतेस?

जीव सारखा त्या परांचीवरून पडलेल्या पेशंटकडे ओढ घेतो. बरगड्या, मांडी मोडलेली, मानेचा एक्स-रे व्हायचा होता. अशाला कुशीवर वळवायचं तर चार माणसं हवीत, त्यातल्या एकीने फक्त डोकं धरायचं, ही वॉर्डातली शिस्त मीच लावलेली. त्या दुपारी तुम्ही तिघीच होतात, मी खाली अपघात विभागात, तरी तुम्ही त्याला वळवलंत. संध्याकाळी कोणी काय धरलं त्याच्या नोंदीचा कागद तू आणलास आणि 'डोके' या रकान्यात मी डोळे झाकून सही ठोकली. एकमेकींसाठी आपण सगळ्याच ठोकतो. माझी अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय! आता त्याचे हात हलत नाहीत.

उद्या चौकशीत तू खरं तेच सांगशील, म्हणून मी निर्धास्त आहे.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस, सा. न.

कसं लिहू कळत नाही. तू डोकं धरलं होतंस आणि मध्येच सोडलंस, असं मी सांगितलं. बाकी दोघींनीही मान डोलावली. मी कायम व्हायला एकच महिना उरला होता गं. तुझी बावीस वर्षांची नोकरी, तुला समज देऊन सोडतील असं वाटलं. काढूनच टाकतील हे ध्यानीमनी नव्हतं. रागावू नकोस ना, या कामात मला तूच आणलंस.

नव्या इन्चार्ज सिस्टर तुझी नियमांची वही मागताहेत. पाठवशील?

तुझीच लाडकी

१९ मार्च

धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजावला नाही.

काढल्याचा कागद तुझ्या पत्राआधी दोन दिवस आला. साक्षीदारांत तुझं नाव होतं, तर मला वाटलं टायपिस्टची चूक असेल. तुला वेण्या घालून शाळेत पोचवणारी मी, आणि तू माझाच केसाने गळा कापलास.

खोटी सही माझी, तिची शिक्षा मला कबूल आहे. पण डोकं कोणी धरलंच नव्हतं, हे मी त्या माणसाच्या बायकोला लिहून कळवलं आहे, माझ्या सहीच्या गोष्टीसकट.

वही सोबत आहे. ती तुझ्यासाठी नाही, खाटेवरच्यांसाठी आहे. चौथं माणूस येईपर्यंत कोणाला हलवू नकोस.

आईला नोकरी गेल्याचं सांगितलं, तुझं काही सांगितलेलं नाही. ती तुझी वाट बघते आहे, तिच्यासाठी ये. माझ्याकडे मात्र लोभ मागू नकोस.

ताई