न्हाणीघराची मूठ आणि काकांची दाढी

तीर्थस्वरूप दादा यांस (माझ्याआधी काही महिने रडलास एवढ्यावर जन्मभर तीर्थस्वरूप झालास, त्याला माझा इलाज नाही),

धाकट्या चुलतभावाचा नमस्कार. तुझी कंबर, वहिनींचा गुडघा आणि तुमच्या गाडीचं इंजिन यांपैकी सध्या जे कुरकुरत असेल ते लवकर ताळ्यावर येवो. इकडे सगळे सुखरूप आहेत, फक्त आंघोळ केलेलं कोणी नाही. या वाक्याचा अन्वय पुढे लागेल, तोवर काळजी करू नकोस. चिमणीच्या लग्नाची गडबड जोरात असेल. होणाऱ्या जावयाला माझा आशीर्वाद सांग. फोटोत त्याला भरघोस दाढी दिसली. मुलगा विचारी वाटतो. त्याला ती काढायला कोणीही भरीला घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि ती मी अनुभवानं करतो आहे.

तुझं पार्सल पोचलं. एकाच खोक्यात लग्नपत्रिका आणि काकांसाठी एकधारी रेझर, अशी दोन्ही कामं तू एका टपालात उरकलीस, यात तुझी व्यवहारबुद्धी दिसते. काकांच्या (म्हणजे तुझ्या वडिलांच्या, आठवण असावी म्हणून सांगतो) जुन्या रेझरचे आटे झिजले होते, तेव्हा नव्याची गरज होतीच. खोकं काकांनी स्वतः घेतलं. कुरियरवाल्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि लग्नाला तूही येणार आहेस का, अशी चौकशी केली. तो गेल्यावर पत्रिका उलटसुलट वाचली, रेझर हातात धरला, आणि त्यांचा हात थरथरायला लागला. झालं. काकांनी घोषणा केली की आपला हात गेला, आणि स्वतःच्या हातानं न केलेल्या दाढीचं तोंड घेऊन आपण नातीच्या लग्नाला उभे राहणार नाही. मी म्हणालो, न्हाव्याला बोलावू. तर म्हणाले, परक्या माणसानं मागच्या खेपेस माझ्याजवळ पातं आणलं, तेव्हा मी अपेंडिक्सशिवाय घरी आलो.

म्हणजे सगळं येऊन अडलं ते काकांच्या गालांवर. दाढी झाली तर आजोबा लग्नाला, नाहीतर चिमणी आजोबांविना. आणि काकांची दाढी म्हणजे तुझ्यामाझ्यासारखी खरवडपट्टी नव्हे. जमिनी मोजण्यात हयात गेलेला माणूस. दोन्ही कल्ले एका पातळीत आलेत की नाही हे ते अजून गवंड्याच्या लेव्हलनं बघतात. आरशासमोर ती काचेची नळी कानांखाली आडवी धरायची, आणि बुडबुडा मध्यावर स्थिरावला की मगच तोंड धुवायचं. (लहानपणी मला वाटायचं, सगळेच बाप असं करतात. माझे तीर्थरूप करत नसत, म्हणून मी त्यांना जरा कमी समजत असे.) विजेच्या यंत्राला ते गवत कापणं म्हणतात. दुधारी पात्यावर त्यांचा विश्वास नाही. दोन्हीकडून कापणारी वस्तू कोणाच्या बाजूची आहे ते कळत नाही, म्हणतात. राहता राहिलं एकधारी, आणि त्यात थरथरत्या हाताला पेलेल असं पातं आणि मूठ निवडायचं काम माझ्याकडे आलं.

पात्यांपासून सुरुवात केली. औषधवाल्याकडे एकधारी पातं मिळेना, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथे मात्र खोकीच्या खोकी रचलेली. धार कशी आहे म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, रंगसुद्धा निघतो, साहेब. मला वाटलं, व्यापाऱ्याची अतिशयोक्ती असेल. अलंकारशास्त्र शिकलेल्या माणसाचा हा एक तोटा आहे, त्याला सरळ विधानातही अलंकार दिसतात. काकांच्या गालावर प्रयोग करण्यापूर्वी आपल्या गालावर करावा या उदात्त विचारानं मी ते पातं लावलं. ते खिडकीच्या काचांवर उडालेला रंग खरवडण्यासाठीच बनवलेलं असतं, हे मला नंतर कळलं. गालाला आधी कळलं.

मग दाढीचीच म्हणून खात्री करून तीन प्रकारची पाती मागवली: पाठीला जाड पन्हळ असलेली, बिनपन्हळीची पातळ, आणि एक लांबोडकी, जी पाहून आमची मांजर घर सोडून शेजारी गेली. सोबत तीन मुठी. शास्त्रशुद्ध परीक्षा घ्यायची ठरवली. कारण असेल तिथे कार्य दिसतं, कारण काढून घेतलं की कार्यही नाहीसं होतं, असा आपला साधा अन्वय-व्यतिरेक. डाव्या गालाला जाड पातं आणि बारीक मूठ, उजव्या गालाला पातळ पातं आणि जाडी मूठ. डावा गाल लोण्यासारखा झाला, उजवा भाजल्यासारखा. निष्कर्ष काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं की पातं आणि मूठ दोन्ही एकदमच बदलल्यामुळे गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे आता साक्षात तर्कशास्त्रालाही सांगता यायचं नाही. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या युक्तिवादातली हीच चूक मी तांबड्या शाईनं दाखवत आलो. त्या अवस्थेत कचेरीत गेलो. आमचे कोशाचे मुख्य संपादक फार मितभाषी. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही गाल नीट वाचले, आणि डाव्या गालाची सुधारित आवृत्ती दिसते, उजवा अजून कच्च्या मुद्रितात आहे, एवढं बोलून 'क्ष'च्या चिठ्ठ्यांकडे वळले.

शेवटी जाड पन्हळीचं पातं कायम झालं, कारण पात्याबद्दल काकांची तक्रारच नव्हती. तक्रार होती मुठीची. तू पाठवलेली नक्षीची मूठ बोटांतून निसटते. खाचांची टोचते. लाकडी ओली झाली की गुळगुळीत होते. मग मी घरातल्याच मुठींकडे वळलो. पेचकसाची मूठ दिली, हात थरथरला. सायकलची रबरी मूठ दिली, थरथरला. लाटण्याला रेझरचं डोकं बांधलं, तेव्हा मात्र हात थरथरला तो आमच्या हिचा. छत्रीच्या वाकड्या मुठीवर माझी फार भिस्त होती. काकांनी ती हातात घेतली, क्षणभर विचार केला, रेझर मनगटावर अडकवला आणि फिरायला निघून गेले.

आणि मग अनुमानाचा प्रसंग आला. एकदा सकाळी काका न्हाणीघराचं दार उघडत होते. दाराला ती जुनी पितळी गोल मूठ आहे ना, तुझ्या ओळखीची, जिच्यावर तू लहानपणी डोकं आपटून घेतलं होतंस (परिणाम आम्ही अजून मोजतो आहोत), ती त्यांनी धरली, आणि हात दगडासारखा स्थिर! चहाचा कप धरताना थरथर, पेन धरताना थरथर, पण दाराची मूठ धरताना काही नाही. गोलपणा आहे तिथे स्थैर्य आहे. न्यायशास्त्रात यापुढे याला द्वारमुष्टिन्याय म्हणावं, अशी नोंद मी करून ठेवली आहे. पेचकस हाताशी होताच. मूठ काढली, तिच्यासोबत दारातून आरपार जाणारी चौकोनी दांडी निघून आली, आणि पलीकडची मूठ आधार सुटल्यामुळे खाली पडून घरंगळत कुठेतरी गेली ती अजून सापडलेली नाही. ही वस्तू घेऊन मी कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याकडे गेलो आणि दांडीच्या टोकाला रेझरचं डोकं बसेल असे आटे पाडून मागितले. त्यानं नवल केलं नाही. फक्त विचारलं, हे आतून लावायचं की बाहेरून?

दादा, काय सांगू तुला ती दाढी! काकांनी ती पितळी मूठ पेरूसारखी पंजात घेतली आणि गालावरून पातं असं फिरवलं की जणू शेताची हद्द आखताहेत. आम्ही सगळे दारात उभे राहून बघत होतो. शेवटी काकांना आपल्या एकांताची आठवण झाली आणि त्यांनी दार लोटलं. खट्. दाराला ना आतून मूठ, ना बाहेरून. मी बाहेरून धक्के मारले. आमची ही, जी लोकांना मोटार चालवायला शिकवते आणि कशालाच घाबरत नाही, भोकाला तोंड लावून सांगायला लागली, काका, गडबडू नका, समोर बघा, श्वास घ्या. आमच्या कन्येनं अग्निशामक दलाचा नंबर शोधला. आतून फक्त पाण्याचा आवाज आणि गुणगुणणं. मग शांतता. (ती बुडबुड्याची असणार.) मग भोकातून चौकोनी दांडीचं टोक हळूच बाहेर आलं, फिरलं, आणि दार उघडून काका बाहेर आले. गाल तुकतुकीत, कल्ले एका रेषेत. रेझरचं डोकं काढलं की मागे मूठ उरते, आणि मूठ म्हणजे मूठच, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. काकांनी डोकं परत लावलं, रेझर सदऱ्याच्या खिशात ठेवला, आमच्याकडे एकवार पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा सत्तेचं तेज दिसलं.

तेव्हापासून आमच्या घरी आंघोळ अर्ज केल्याशिवाय होत नाही. काका न्हाणीघराबाहेर खुर्ची टाकून बसतात. काल केली होतीस ना, आज कशाला, असे मूलभूत प्रश्न विचारतात. समाधान झालं तर रेझरचं डोकं उतरवून दार उघडतात, आत सोडतात, आणि बाहेर यायचं असेल तेव्हा आतून टकटक करायची. परवा मी टकटक केली तेव्हा त्यांना डुलकी लागली होती. कचेरीत उशिराचं कारण म्हणून 'काकानिद्रा' असं लिहिलं, तर संपादकांनी समास सोडवायला सांगितला. हिनं एकदा पकडीनं दार उघडायचा प्रयत्न केला, ती पकड आता काकांच्या उशीखाली आहे. कुलूपवाल्याला विचारलं, तर या मापाची दांडी आता बनत नाही, अख्खं कुलूप बदला म्हणाला. काका म्हणाले, चालू वस्तू बदलायची या घरात पद्धत नाही. (संडास वेगळा आहे. नसता तर हे पत्र नसून तार असती.)

तर सांगायची गोष्ट आनंदाची आहे. दाढी स्वतःच्या हातानं होते, दररोज होते, कल्ले पातळीत आहेत. म्हणजे चिमणीच्या लग्नाला आजोबा यायला आता काडीची अडचण उरलेली नाही. वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा. आमची आठवण काढशीलच, पण शक्यतो लांबून.

तुझा धाकटा आणि सध्या कोरडा
भाऊ

ता. क. एक काडी उरली आहे. काका निघाले की मूठही निघणार. तेव्हा तुमच्या न्हाणीघराच्या दाराला चौकोनी भोक आहे का, असल्यास माप काय, ते उलट टपाली कळव. माप जुळलं तर काकांना लग्नानंतरही महिनाभर तुमच्याकडेच ठेवून घ्यावं, असा आम्हा सर्वांचा एकमुखी आग्रह आहे. आग्रहात प्रेमच जास्त आहे.

ता. क. दुसरं. वरचं सगळं हिनं वाचलं आणि म्हणाली, मुठीबिठी सोडा हो. शिकाऊ माणसाचा हात थरथरतो ते वेगळं आणि रुसलेल्या माणसाचा थरथरतो ते वेगळं, माझं आयुष्य दोन्हींच्या शेजारी बसण्यात गेलंय. मग मला आठवलं, काल तुझा फोन आला होता तेव्हा काकांनी तो त्याच हातात धरला होता, आणि मी बघत होतो, हात जराही हलला नाही. म्हणून मी काकांना सरळ विचारलं, की कुरियर नाही, दादा स्वतः न्यायला आला तर? त्यांनी लेव्हल उचलून बुडबुडा मध्यावर आणला. मग म्हणाले, यायचं तर येऊ दे, त्याच्या बापाचंच घर आहे. आणि थोड्या वेळानं, आपण होऊनच, दाढीही हवी तर तोच करील, त्याची पहिली दाढी मी केली होती, तो काही परका नाही. तसं झालं तर मूठ दाराला परत लावायला त्यांची हरकत नाही.

ता. क. शेवटचं. तेव्हा मापबीप राहू दे. तू ये. मात्र येताना आंघोळ करून ये.