सुपरवायझरची कवळी

४ जानेवारी

ती. दादास,
धाकटीचा वाकून नमस्कार, वि. वि.

माझी नोकरी गेली. आमच्या लॅबमधून गेलेल्या कवळ्या तडकून परत आल्या. सुपरवायझरने घरी जायच्या घाईत त्या पक्क्या होण्याआधीच गरम पाण्यातून काढल्या होत्या. मालकांना मात्र त्याने सांगितलं, की माझे हात थरथरतात. अठरा वर्षांच्या कामाचं एका वाक्यात वाटोळं. आता कुठेही काम मागायला गेले की लोक आधी हात बघतात. हे पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. पुढे काय, काही कळत नाही.

तुझ्या ओरडण्याची वाट बघणारी,
धाकटी

१३ जानेवारी

चि. धाकटीस,
पोटभर आशीर्वाद.

ओरडत नाही. आई गेली त्या वर्षी मी जे केलं तेच सांगतो. जे उरलंय त्यासाठी रोज सकाळी देवाचे आभार मान. मन लागलं नाही तरी मान. त्याला सगळं दिसतं. आणि त्या माणसाला डोक्यातून काढ. तुझी वहिनी म्हणते, हा उपदेश करणाऱ्याने शेजाऱ्याशी महिनाभर अबोला धरलाय, तेही कळवा. कळवलं.

लोभ आहेच, पत्रं वाढव.
दादा

२ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

रोज आभार मानते. हे काठीशिवाय चार पावलं चालले म्हणून मानले. एका बाईंच्या लॅबमध्ये काम मिळालं. त्यांनी हात नाही, काम बघितलं, म्हणूनही मानले. आणि शेवटी हळूच मागते, की त्या सुपरवायझरचे सगळे दात पडू देत. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तुझी,
धाकटी

२० मार्च

दादा, देवाने ऐकलं. काल एका डॉक्टरांकडून माप आलं, चिठ्ठीवर त्याचं नाव. वर-खाली एकही दात नाही. साचा हातात धरून मी एकटीच हसत बसले. कवळी केसभर उंच ठेवली, की प्रत्येक घासाला हिरडीत रुतेल आणि कारण कुणाला सापडणार नाही. मला अडवू नकोस.

धाकटी

२६ मार्च

चि. धाकटीस,

इतक्या लांबून काय अडवणार? एवढंच विचारतो, हे करून दुसऱ्या दिवशी सकाळी हात जोडशील, तेव्हा आभार कशाचे मानशील?

दादा

१४ एप्रिल

ती. दादास,
रागावलेला नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा कवळी उंच करून झाली होती. सकाळी हात जोडले, तर तोंडातून शब्द फुटेना. तुझ्या नावाने बोटं मोडली, ती कवळी फोडली आणि पहिल्यापासून नवी केली. इतकी चपखल कवळी आजवर केली नव्हती. डॉक्टरांना निरोप दिला, की बनवणारीचं नाव पेशंटला जरूर सांगा. त्यांनी सांगितलं. तो म्हणे आरशात न बघताच निघून गेला. तक्रारीला जागाच नव्हती.

क्षमा केली असं समजू नकोस. प्रार्थना तेवढी बदलली आहे. आभार मानून झाले की मागते, देवा, त्याला शंभर वर्षांचं आयुष्य दे, आणि रोज दोन्ही वेळा सपाटून भूक लागू दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटी