पन्हळ सरळ केल्याबद्दल

आदरणीय दादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. वहिनींचा खोकला कसा आहे? तुमची कंबर काय म्हणते? (वहिनींची चौकशी रीत म्हणून केली आहे. कंबरेची मात्र मनापासून.)

इकडची ताजी बातमी अशी, की रस्त्याकडच्या खोलीची भिंत आतून पोकळ झाली आहे. हे माझं मत नाही. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी काल स्वतः येऊन खात्री केली. त्यांनी खिशातल्या पेनाने भिंतीवर चार ठिकाणी टकटक केलं, प्रत्येक टकटकीला माझ्या तोंडाकडे बघितलं (सवय, दुसरं काय) आणि म्हणाले, "वरून बरं दिसतंय, पण आत गेलेलं आहे. किती दिवस अंगावर काढलंत?" मी म्हटलं, चार-पाच दिवस. "सगळे असंच सांगतात," म्हणाले. भिंतीच्या बाबतीत दातांच्या डॉक्टरांचं कितपत ऐकावं, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. पण ते रस्ता ओलांडून दवाखान्यात पोहोचायच्या आत जेवणाच्या टेबलाएवढा गिलावा खाली आला आणि प्रश्न मिटला.

रस्त्याकडची खोली म्हणजे तुमच्या बहिणीची पडदे शिवायची खोली, हे तुम्हाला ठाऊक आहे. वहिनींच्या मदतीला ती तुमच्याकडे आली तेव्हा सभागृहाच्या पडद्यांची मखमल याच खोलीत बेतून ठेवली होती. आयुष्यभर उशांचे अभ्रे शिवल्यावर तिला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. परत आल्या आल्या शिवायला बसणार, महिनाअखेर पडदे टांगणार, असा तिचा बेत. मखमल वाचली आहे. ती मी वेळेवर माझ्या दुकानात हलवली आणि फ्रेमांच्या ढिगावर रचून ठेवली. शिलाई मशीन मात्र जड. ते खोलीच्या मधोमध मेणकापड पांघरून बसलं आहे, आणि उरलेला गिलावा कोणत्या बाजूला पडायचं ते अजून ठरवतो आहे.

आता हे कशामुळे झालं, तर तुमच्या पन्हळीमुळे. रागावू नका, पुढे वाचा. आमचं छप्पर झालं तेव्हा तुम्ही तुमच्या पत्र्याच्या कारखान्यात छपराच्या पाण्याची ती पन्हळ स्वतः बनवलीत, टेंपोतून आणलीत, स्वतः शिडीवर चढून बसवलीत. एवढी मोठी भेट आम्हाला दुसऱ्या कुणी दिली नाही (तुमच्या थोरल्या बहिणीने भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, ते मागे पडतं). पण पन्हळ वाकडी होती. तुम्ही त्याला उतार म्हणालात. मी फ्रेमा करणारा माणूस. भिंतीवरचं चित्र सुताएवढं कललेलं असलं तर मला घास गिळवत नाही. एकदा सांत्वनाला गेलो असताना मी उठून, गेलेल्या गृहस्थांचा फोटो सरळ केला, तर घरच्यांना वाटलं मला भरून आलं. त्यांनी मला पाणी दिलं. असा माणूस दहा वर्षं रोज सकाळी दुकान उघडताना आपलंच घर मान वाकडी करून उभं असलेलं बघतो, त्याच्या मनाचं काय होत असेल, याचा विचार तुमच्या कारखान्यात कधी झाला आहे का?

तुमची बहीण निघताना म्हणाली होती, "मी नसताना छपराला हवा तो रंग द्या, पण दादाच्या पन्हळीला हात लावू नका." मी हात लावला नाही. नळवाल्याला लावायला सांगितला. तो मोरीचा नळ बदलायला आला होता, शिडी त्याच्याकडे होती, आणि घर रिकामं होतं. असा योग पुन्हा येत नाही. तो वर चढून म्हणाला, "साहेब, हिला मुद्दाम ढाळ दिलाय." मी म्हटलं, "ढाळ नाही तो, आमच्या मेव्हण्यांची नजर आहे." तो हसला. मग म्हणाला, "घर तुमचं, पन्हळ तुमची, भिजणार पण तुम्हीच," आणि त्याने पन्हळ धरून ठेवणारे आकडे उचकटले. मी खालून माझी पाणसळ वर दिली. (काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती पट्टी, मोठ्या फ्रेमा टांगताना लागते.) बुडबुडा बरोबर मधोमध येऊन थांबला, तेव्हा माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून बघत राहिलो. नळवाला म्हणाला, "दिसतंय मात्र झकास." पुढे दोन दिवस कडक ऊन होतं. त्या दोन दिवसांत पन्हळीने तक्रारीला अजिबात जागा ठेवली नाही.

मग पाऊस आला. छपरावरचं सगळं पाणी पन्हळीत उतरलं आणि तिथेच विचार करत उभं राहिलं. कोपऱ्यातल्या उभ्या पाइपकडे जायची त्याला काही घाई दिसेना. पाइप इतका कोरडा, की त्याच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं. पाण्यात पानं बसली, गाळ बसला, पन्हळ मधोमध खाली आली, दोन आकडे सुटले, आणि पन्हळ व भिंत यांच्यामध्ये जी फट पडली तिच्यातून सगळं पाणी सरळ भिंतीवर. मी हातावर हात धरून बसलो नव्हतो. शिडी मागून आणली, वर चढलो आणि खाली आलेल्या जागी पन्हळीला एक भोक पाडलं. पाणी लगेच मोकळं झालं, पण ते नेमकं गिऱ्हाइकांच्या पायरीवर कोसळू लागलं. पायरीखालची माती वाहून गेली. आता ती पायरी हलते (डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल). खोलीचा बाहेरचा दरवाजा फुगून चौकटीत रुतला आहे, आतल्या दरवाजाला गिलाव्याचा ढीग आडवा पडला आहे, त्यामुळे मशीनची चौकशी करायला मी खिडकीतून ये-जा करतो. समोर दवाखान्यात ताटकळणाऱ्या पेशंटांची त्यामुळे बरी करमणूक होते. एकजण तर म्हणे दातदुखी विसरला.

एवढं जवळून बघितल्यावर माझं मत असं बनलं आहे, की छपराचं पाणी कुठेतरी जाणारच. आपण त्याला वाट दिली तर ते त्या वाटेने जातं. नाही दिली तर ते भिंतीतून, पायाखालून, दरवाजाच्या चौकटीतून आपली वाट काढतं, आणि त्यासाठी घरमालकाची परवानगी मागत नाही. पन्हळ नसती तर निदान घराने काही आशा ठेवली नसती. हे मी तुमच्याशी सहमत आहे म्हणून लिहीत नाही. केवळ कुतूहल म्हणून विचारतो: तुमच्या त्या वाकडेपणाचं माप किती होतं?

वहिनींना नमस्कार. प्रकृतीला जपा.

तुमचा,
भावोजी

ता. क. पत्र घरी न पाठवता कारखान्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे. फोन केला असता, पण तुमचा मोबाइल वाजला की तुमच्याआधी तो तुमची बहीण उचलते. खरं काम असं: शुक्रवारी कुठल्यातरी कामाचं निमित्त काढून एकट्याने या. येताना आकडे आणि जोडाचा पत्रा आणा. निघण्यापूर्वी वहिनींना आणखी तीन-चार दिवस खोकायला सांगा, म्हणजे तुमची बहीण तिथून हलणार नाही. कंबरेची चौकशी एवढ्यासाठीच केली होती.

आणखी एक ता. क. आल्यावर "मी तेव्हाच सांगितलं होतं" हे वाक्य तुम्हाला एकदा म्हणता येईल. शिडीवरून, हळू आवाजात.

शेवटचा ता. क. आत्ताच तुमच्या बहिणीचा फोन येऊन गेला. डॉक्टरांच्या बायकोने तिला सगळं कळवलं आहे, खिडकीसकट. भिंतीबद्दल ती काहीच बोलली नाही. मखमल गुंडाळून ठेवली की घडी घालून, एवढंच विचारलं. (घडी घालून.) उद्याच तुम्ही आणि ती तुमच्या टेंपोने निघताय, असं तिच्याकडूनच कळलं. म्हणजे हे पत्र कारखान्यात पोहोचेल तेव्हा तुम्ही इथे शिडीवर असाल. तरी पाठवतो, तिकीट चिकटवून झालं आहे. कामाची वाटणी तिने करून टाकली आहे: पन्हळ तुम्ही बसवायची, गिलावा गवंडी करेल, मखमलीच्या घड्या वाफ देऊन मी काढायच्या, आणि पन्हळ पुरेशी वाकडी झाली की नाही हे ती स्वतः रस्त्यात उभी राहून ठरवणार. त्या वेळी मी दुकानात बसायचं आहे, रस्त्याकडे पाठ करून.